पायाखालची चकाकी

लाकडी जमिनीला कोणते पॉलिश करावे, हा प्रश्न रविवारच्या पुरवणीत मांडण्याइतका मोठा आहे काय, असे कोणी विचारले तर मी त्याला बोल लावणार नाही. शेणाने सारवलेले अंगण, कोबा, शहाबादी फरशी, मोझॅक आणि आता आरशासारख्या टाइल्स, एवढीच जमिनींची वंशावळ ज्यांना ठाऊक आहे त्यांना लाकडी जमीन म्हणजे इंग्रजी सिनेमातली चैन वाटते. पण गिरगाव, खेतवाडी, काळबादेवीच्या जुन्या इमारतींत, पुण्याच्या पेठांमधल्या उरल्यासुरल्या वाड्यांच्या माडीवर, माथेरान-महाबळेश्वरच्या जुन्या बंगल्यांत माणसे आजही फळ्यांवर राहतात, झोपतात, पंगती मांडतात. शिवाय नव्या संकुलांच्या जाहिरातींत ‘मास्टर बेडरूममध्ये वुडन फ्लोअरिंग’ हे शब्द असतातच. म्हणजे आजोबांच्या घरातून गेलेली लाकडी जमीन नातवाच्या घरात पुन्हा आली आहे, आणि तिच्याबरोबर तिला चकचकीत ठेवण्याची हौसही.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकते. ही निवड आपण दुकानातल्या नमुन्याची चकाकी पाहून करतो. तो नमुना असतो वितीएवढ्या फळीचा, आणि तिच्यावर कोणी कधी चाललेले नसते. घरातल्या जमिनीवर काय सांडते, कोण चालते, तिची डागडुजी कोण करणार आणि ते पॉलिश मारणाऱ्या माणसाच्या छातीत काय जाते, हे चार प्रश्न विचारले की चकाकीचा प्रश्न आपोआप पाचव्या क्रमांकावर जातो.

आमच्या घरात हा विषय निघाला तो वाळवीमुळे. इमारत शंभरी ओलांडलेली, जमीन सागवानी फळ्यांची. मोरीच्या बाजूच्या चार फळ्या पोखरल्या गेल्या आणि बदलाव्या लागल्या. जुन्या फळ्या वयाने आणि पावलांनी तांबूस-काळपट झालेल्या, नव्या मात्र पिवळसर, लग्नात चुकून दुसऱ्याच्या पंगतीत बसलेल्या पाहुण्यांसारख्या. त्यांना रंग देऊन जुन्यांच्या जवळ आणणे भाग होते. आणि एकदा रंग दिला की तो टिकवण्यासाठी वर काहीतरी हवेच. येथून घरात तीन पक्ष पडले. मुलगा म्हणाला, आरशासारखे ग्लॉसी पॉलिश करू, खोली मोठी दिसते. सूनबाईंचे मत, इमारत आज ना उद्या पुनर्विकासाला जाणारच आहे, मग वर लॅमिनेट टाकून मोकळे व्हावे. आणि चौऱ्याऐंशी वर्षांच्या सासूबाई म्हणाल्या, ‘‘चमकवा काय चमकवायचं ते, पण मला पाडू नका.’’

लॅमिनेटचा निकाल लवकर लागला. लॅमिनेट ही लाकडी जमीन नव्हे, ते लाकडाचे छायाचित्र आहे. दाबून केलेल्या भुशाच्या पाटावर लाकडाचे चित्र छापलेला कागद, आणि त्यावर झिजू नये म्हणून मेलामाइन राळेत अॅल्युमिनियम ऑक्साइडचे कण. टिकते, यात वाद नाही. पण फोटोला पॉलिश करता येत नाही. झिजला की फेकायचा. खाली खरे सागवान असताना वर त्याचे चित्र अंथरायचे हे मला पटले नाही, आणि सुदैवाने सूनबाईंनाही हिशेब मांडल्यावर पटले नाही.

या जुन्या सागवानाबद्दल दोन शब्द सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. जुन्या मुंबईत फार मोठ्या प्रमाणावर जे लाकूड वापरले गेले ते ब्रह्मदेशातले. त्या व्यापारातली एक मोठी कंपनी १८६३ साली मुंबईत स्थापन झाली, बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन. तिने नेलेल्या ओंडक्यांची संख्या कमी दाखवली असा ठपका ठेवून ब्रह्मी दरबाराने १८८५ साली तिला लाखो रुपयांचा दंड केला. इंग्रजांना फ्रेंचांच्या हालचालींची धास्ती होतीच, त्यात हे निमित्त मिळाले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात युद्ध झाले, राजा थिबा पदच्युत झाला आणि पुढे त्याला रत्नागिरीत आणून ठेवले गेले. तेथेच १९१६ साली तो वारला. रत्नागिरीचा थिबा पॅलेस पाहायला जाणाऱ्या किती जणांना माहीत असते, की त्या राजाच्या हद्दपारीच्या कहाणीत ओंडक्यांच्या हिशेबाचा वाटा आहे? आमच्या फळ्या नेमक्या कोणत्या जंगलातल्या हे सांगणारा आता कोणी नाही. पण असे लाकूड पुन्हा मिळणार नाही, एवढे आमचा सुतारही सांगतो. बाजारात आज आफ्रिकेतून आणि दक्षिण अमेरिकेतून आलेले लागवडीचे सागवान असते. ते वाईट नव्हे, तरुण असते, इतकेच.

आता रंगाकडे येऊ. कारण येथेच पुष्कळ घरांत घोटाळा होतो. लाकडाला दिलेला रंग आत खोलवर मुरतो अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात तो वरच्या अगदी पातळ थरात बसतो. खुर्चीचा पाय ओढला गेला की रंग जातो आणि खालचे फिकट लाकूड रेघेसारखे उघडे पडते. म्हणून रंगवलेल्या जमिनीला संरक्षण बिनरंगी जमिनीपेक्षा जास्त लागते. दुसरे असे, की रंग कशात विरघळतो आणि वरचे पॉलिश कशात विरघळते, हे दोन्ही एकत्र पाहावे लागते. स्पिरिटमध्ये विरघळणारा रंग दिला आणि वर स्पिरिटमधलेच लाखेचे पॉलिश ब्रशने मारले, तर खालचा रंग पुन्हा सुटतो आणि ब्रशबरोबर फराटे ओढत जातो. पाण्यातल्या रंगावर पाण्यातले पॉलिश, तरी तेच. तेलातला रंग दिला असेल तर तो पुरता वाळू द्यावा लागतो. ओलसर रंगावर कोणताही थर चढवला तरी तो नीट धरत नाही, पुढे सालीसारखा सुटतो. मुंबईच्या दमट हवेत डब्यावर लिहिलेले तास दुप्पट धरावेत, हे आमच्या पॉलिशवाल्याचे गणित. शिवाय सागवानाच्या अंगचे तेल असते. तेही काही पॉलिशना वाळू देत नाही, म्हणून पहिल्या हाताआधी फळ्या थिनरच्या फडक्याने पुसून घ्याव्या लागतात.

रंग उन्हात टिकेल की नाही, हेही विचारावे. विरघळणारे रंग दिसायला पारदर्शक आणि सुंदर असतात, पण खिडकीतल्या उन्हाने लवकर फिके पडतात. भुकटीचे रंग थोडे मातकट दिसतात, पण टिकाऊ असतात. आमच्याकडे पश्चिमेची खिडकी आहे, म्हणून आम्ही भुकटीचा, तेलातला रंग घेतला.

मग वरचे पॉलिश. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले म्हणजे फ्रेंच पॉलिश. नाव फ्रेंच, पण माल अस्सल देशी. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचे किडे वस्ती करतात आणि स्वतःभोवती राळेचे कवच करतात. ती लाख खरवडायची, कुटायची, धुवायची, की दाणेदार लाख होते. जुन्या पद्धतीत ती लांबलचक कापडी पिशवीत भरून विस्तवापुढे धरत आणि पिशवी पिळत. बाहेर आलेला मऊ गोळा कारागीर हातांनी, पायांनी आणि दातांनी धरून ताणत, चादरीएवढा पातळ होईपर्यंत. ती चादर थंड होऊन फुटली की झाली चपडी. ती स्पिरिटमध्ये विरघळवली की पॉलिश. झारखंड, छत्तीसगड, मध्य प्रदेश, बंगाल हा लाखेचा मुख्य मुलूख. आपल्या गोंदिया-गडचिरोलीकडेही ती होते. तिच्या अभ्यासासाठी रांचीजवळ नामकुमला १९२४ साली खास संस्था काढली गेली, यावरून त्या काळी तिला काय मोल होते ते दिसेल.

आणि या एका किड्याने आपल्या संसारात किती ठिकाणी हजेरी लावावी! लाखेच्या बांगड्या, पाकिटावरची लाल मोहोर, पायांना लावायचा अळता (त्याचा मूळ रंग लाखेचाच), औषधाच्या गोळ्यांवरची चकाकी, आणि प्लास्टिक येण्यापूर्वीच्या ग्रामोफोनच्या तबकड्यासुद्धा. बालगंधर्वांची पदे आपल्या आजोबांनी ऐकली ती लाखेवर कोरलेल्या खाचांतून. सासूबाईंना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘म्हणजे पायाला अळता तोच आणि पायाखाली पॉलिशही तेच!’’ मला हे वाक्य सुचले नव्हते.

लाखेचे गुण काय? तासाभरात वाळते, एका दिवसात खोलीचे दोन-तीन हात होतात, वास रात्रीपर्यंत विरतो. तिची झाक मधासारखी उबदार असते, आणि रंगवलेल्या सागवानावर तर ती लाकडाच्या आतून आल्यासारखी वाटते. पण सर्वांत मोठा गुण हा, की ती स्वतःला जोडून घेते. चरा पडला, तेवढ्याच जागी स्पिरिट-लाखेचा पातळ हात फिरवा; जुना थर किंचित विरघळतो, नवा त्यात मिसळतो, सांधा दिसत नाही. दहा वर्षांनी असो की पन्नास. अवगुणही तितकेच ठळक आहेत. पाणी साचून राहिले की पांढरा डाग. गरम पातेले ठेवले की पांढरे कडे. सोड्याच्या किंवा अमोनियाच्या पाण्याने पुसले तर ती चक्क विरघळते. पावसाळ्यात पॉलिश केले तर दमटपणाने तिच्यावर धुके धरल्यासारखे पांढुरके पटल येते. म्हणून जुने पॉलिशवाले हे काम पाऊस पूर्ण थांबल्यावरच हाती घेतात. भिजवून ठेवलेली लाखही फार दिवस टिकत नाही. जुन्या बाटलीतली वाळता वाळत नाही, हाताला चिकटत राहते. कधी भिजवली, हे विचारण्यात कमीपणा नाही.

तरी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पॉलियुरेथेन येण्यापूर्वी अमेरिकेतल्या कितीतरी घरांच्या जमिनी लाखेच्याच होत्या, आणि तेथे लोक बूट घालून चालत.

लाख आणि पॉलियुरेथेन यांच्या मधल्या दोघांना थोडक्यात निरोप देते. एनसी लॅकर, म्हणजे नायट्रोसेल्युलोज. चमक सुरेख, वाळणे मिनिटांत. पण थर पातळ, जमिनीवर टिकत नाही, आणि जुन्या चित्रपटांच्या फिती ज्या पदार्थामुळे भडकन पेटत त्याच्याच घराण्यातला. दुसरे मेलामाइन. टेबल, कपाट, दरवाजा यांना आपल्याकडे ते सर्रास मारतात आणि तेथे ते शोभतेही. जमिनीवर मात्र ते ठिसूळ पडते. फळी वाकली-फुगली की त्याला बारीक तडे जातात. शिवाय ते मारताना डोळे चुरचुरतात तो त्रास फॉर्माल्डिहाइडचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली या वायूला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले आहे. जमिनीसाठी तरी त्याच्या वाटेला जाऊ नये.

राहता राहिले पॉलियुरेथेन, दुकानाच्या भाषेत पीयू. १९३७ साली जर्मनीत ऑटो बायर या रसायनशास्त्रज्ञाने त्या कुळाचा शोध लावला. आज जिला ‘ग्लॉसी’ म्हणून आपण भुलतो ती जमीन बहुधा याचीच. तीन प्रकारांत ते मिळते. तेलमिश्रित, एका डब्यातले, ब्रशने मारता येणारे. ते हळूहळू पिवळट होते, आणि रंगवलेल्या गडद सागावर ते खपूनही जाते. दुसरे दोन डब्यांचे, म्हणजे पीयू आणि हार्डनर ऐनवेळी मिसळायचे. सर्वांत कठीण, सर्वांत चकचकीत. तिसरे पाण्यातले. वास कमी, रंग पाण्यासारखा स्वच्छ, पिवळे पडत नाही, आणि किंमत ऐकून आपणच थोडे पिवळे पडतो.

पीयूचे बळ आणि पीयूची मर्यादा एकाच गोष्टीत आहे. वाळताना, विशेषतः हार्डनरवाल्या प्रकारात, त्याच्या कणांचे दुवे एकमेकांत कायमचे गुंततात. उकडलेले अंडे पुन्हा कच्चे होत नाही, तसे ते पुन्हा विरघळत नाही. म्हणून पाणी, चहा, फिनेल, स्पिरिट यांना ते दाद देत नाही. आणि म्हणूनच त्यावर खोल चरा पडला तर तेवढाच भरून काढता येत नाही. नवा थर जुन्यात मिसळत नाही, नुसता वर बसतो. तोही नीट बसावा म्हणून सगळी जमीन पॉलिश पेपरने घासावी लागते. आणि थर फाटून लाकूड उघडे पडले असेल, तर घासून पार लाकडापर्यंत जायचे. मग रंगही गेला, तो पुन्हा द्या. यंत्राने एकदा घासले की अर्धा-एक मिलिमीटर लाकूड जाते. आमच्या जाड फळ्या हे काही वेळा सहन करतील. पण नव्या फ्लॅटमधल्या ‘इंजिनिअर्ड’ लाकडावर खऱ्या लाकडाची पातळ पापुद्रीच असते. ती एकदा, फार तर दोनदा घासता येते. बिल्डरचा माहितीपत्रक देणारा मुलगा हे सांगत नाही, बहुधा त्यालाही ते माहीत नसते. एका दुकानदाराने मला दहा वर्षांच्या गॅरंटीचा कागद दाखवला. खाली बारीक अक्षरांत वगळलेल्या गोष्टी होत्या: चरे, साचलेले पाणी, ‘अयोग्य देखभाल’. मी त्यांना म्हटले, ‘‘अहो, मग उरलं काय? भूकंप?’’ ते हसले. कागद मात्र त्यांनी तसाच घडी करून ठेवला.

आता चकाकी. पॉलिश मुळात चकचकीतच असते. पृष्ठभाग गुळगुळीत झाला की प्रकाश एका दिशेने परततो, आणि त्यालाच आपण चमक म्हणतो. मॅट किंवा सॅटिन हवे असेल तर त्यात सिलिकाची अतिबारीक पूड घालतात. ती प्रकाश विस्कटून टाकते. ग्लॉस म्हणजे जास्त कठीण, जास्त टिकाऊ, असा जो समज आहे त्याला फारसा आधार नाही. उलट चकचकीत जमिनीवर धूळ, पावलांचे ठसे, केसाएवढा चरा, सगळे दिसते. आमच्यासारख्या जुन्या घरात तर फळ्या मधे खोलगट, कडांना उचललेल्या. दिवसा खिडकीचे प्रतिबिंब त्यांवर पडले की समुद्राला भरती आल्यासारखे दिसते. चांगले कारागीर यावर साधा तोडगा काढतात. खालचे हात ग्लॉसचे, वरचा शेवटचा सॅटिनचा. त्यामुळे लाकडाचे रेषे खालून स्वच्छ दिसतात आणि वर आरसा होत नाही. मुलाला हे दाखवल्यावर त्याचा आरशाचा हट्ट बराच निवळला.

सासूबाईंच्या प्रश्नाचे उत्तर मात्र चकाकीत नाही. कोरडी चकचकीत जमीन आणि कोरडी मॅट जमीन यांत पाय घसरण्याच्या दृष्टीने लोकांना वाटतो तितका फरक नसतो. घसरायला होते ते पाण्याने, तेलाच्या थेंबाने, सरकत्या पायपुसण्याने आणि वरून लावलेल्या मेणाने. म्हणून म्हातारे माणूस घरात असेल तर मेणाचे पॉलिश अजिबात नको. मेणाला आणखी एक दोष आहे: एकदा ते लाकडात गेले की पुढे पीयू त्याला धरत नाही. साध्या लाखेतही थोडे नैसर्गिक मेण असते. जुन्या लाखेवर थेट पीयू मारले की काही महिन्यांत पापुद्रे निघतात ते याचमुळे. आपल्या जमिनीवर आधी काय आहे हे ओळखायचे तर कपाटाखालच्या कोपऱ्यात स्पिरिटचा एक थेंब टाकून पाहावे. चिकट झाले तर लाख. स्पिरिटला दाद न देता थिनरने मऊ पडले तर लॅकर. दोन्हींना ढिम्म, तर बहुधा पीयू किंवा मेलामाइन.

या सगळ्या चर्चेत एक माणूस नेहमी बाहेर राहतो. तो म्हणजे गुडघ्यांवर बसून हे काम करणारा. आमचा पॉलिशवाला राजापूरकडचा, वडिलांपासून हाच धंदा. तो नाकाला रुमाल बांधतो, आणि त्यालाच सुरक्षा समजतो. रुमालाने लाकडाचा भुसा थोडा अडेल, वाफ अडत नाही. दोन डब्यांच्या पीयूतला हार्डनर आयसोसायनेटचा असतो. त्याची वाफ किंवा फवारा छातीत गेला की काही जणांना कायमचा दमा जडतो, आणि एकदा अंगाने ते धरले की पुढे अगदी थोड्या वासानेही धाप लागते. पाण्यातल्या पीयूतही हार्डनरचा प्रकार असेल तर ही काळजी सुटत नाही. स्पिरिट म्हणजेही गंगाजल नव्हे. लाख मारताना घरात निरांजनसुद्धा पेटवू नये. लाक्षागृहाची गोष्ट आपल्याला लहानपणीच सांगितलेली असते, ती नेमकी अशा वेळी आठवत नाही. बेलतेलात भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. ती पसरून वाळवावीत, नाहीतर पाण्याच्या बादलीत टाकावीत. आणि जमिनीला जुना तेलरंग असेल तर तो कोरडा घासू नये, त्यात शिसे असण्याची शक्यता मोठी. घरगुती रंगांतल्या शिशावर कडक मर्यादा आपल्याकडे २०१७ सालच्या नोव्हेंबरपासून लागू झाली. त्याआधीच्या रंगांचा भरवसा धरू नये.

आपण चौरस फुटाला किती, यावर घासाघीस करतो. चांगल्या मास्कचे पैसे वेगळे द्या, खिडक्या उघड्या ठेवा, एक दिवस जास्त लागू द्या, असे किती घरांत म्हटले जाते? मी मास्क आणून दिला तेव्हा तो म्हणाला, ‘‘वहिनी, याची सवय नाय.’’ पण दुपारनंतर त्याने तो काढला नाही, हे मी पाहिले.

माझ्या मताचा खरा आधार आता सांगते. या जगातल्या सगळ्या कठीण पॉलिशांची परीक्षा बुटांवर झालेली आहे. टाचा, खिळे, बर्फ वितळून आलेली रेती, कुत्र्यांची नखे. आपण मात्र चपला उंबऱ्याबाहेर काढतो. जमिनीचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे बाहेरून येणारी वाळू. तिच्यातली गारगोटी कोणत्याही पॉलिशपेक्षा कठीण असते. तिला दाराशीच थोपवण्याची रीत आपल्याकडे आधीपासून आहे, आणि ती पॉलिशच्या दोन हातांच्या बरोबरीची आहे. आपले शत्रू वेगळे. सांडलेले तीर्थ, समईचे तेल, हळद-कुंकू, पाटाभोवतीची रांगोळी (ती तर पायाखाली आली की पॉलिश पेपरच!), मोरीतून ओल्या पायांनी येणारी मुले, आणि रोजची ओली फरशी पुसण्याची आपली निष्ठा. बादलीभर पाण्याने पुसलेली लाकडी जमीन कोणतेही पॉलिश वाचवू शकत नाही. पाणी वरून जात नाही, ते फळ्यांच्या सांध्यांतून जाते.

आणि जमिनीला पुन्हा पुन्हा हात लावण्याची रीतही आपलीच होती. सारवण म्हणजे काय? वरचा थर झिजणारच हे धरून चाललेले, आणि झिजला की सणाच्या आधी नवा देणारे. त्याला कोणी दहा वर्षांची गॅरंटी मागितली नाही. लाखेचे पॉलिश त्याच जातीचे आहे. कायमचे काही नको, वर्षा-दोन वर्षांनी एक हात फिरवू, असे ज्या घराला परवडते त्या घराने चकाकीच्या भीतीने किंवा मोहाने पीयूकडे धावू नये. ज्या घरात तेवढी फुरसत नाही, दोघेही सकाळी आठला बाहेर पडतात, लहान मूल पाणी सांडते, त्यांनी खुशाल पाण्यातले पीयू घ्यावे. त्यात कमीपणा नाही. फक्त ते घेताना पुढच्या खेपेस सगळे घासावे लागेल, हे लिहून ठेवावे.

आमच्याकडे अखेर जमिनीची वाटणी झाली. मोरीच्या आणि स्वयंपाकघराच्या बाजूची खोली, जेथे नव्या फळ्या आहेत आणि पाणी सांडतेच, तेथे पाण्यातले एका डब्याचे पीयू, शेवटचा हात सॅटिनचा. तेथला जुना थर घासून आधी पुरता काढला. आतल्या खोलीत, सासूबाईंच्या पलंगाभोवती, लाख, मेणाशिवाय. सूनबाईंनी पुन्हा विचारले, चार-पाच वर्षांत इमारत गेली तर हा खर्च वाया नाही का? त्यावर सासूबाईच म्हणाल्या, ‘‘अगं, पाय तर आज ठेवायचेत ना?’’ इमारत गेलीच तर या फळ्या जोगेश्वरीच्या जुन्या लाकडाच्या बाजारात जातील आणि कोणाच्या तरी घरी टेबल होऊन उभ्या राहतील, असा माझा कयास आहे. मुलाला त्यातली एक तरी फळी स्वतःसाठी ठेवायची आहे. कोठे ठेवणार, हे त्याने अजून ठरवलेले नाही.

पीयूची खोली चोवीस तासांनी चालण्याजोगी झाली, पण पुरते कठीण व्हायला महिना लागू शकतो. तोवर सतरंजी अंथरायची नाही, कपाट ओढायचे नाही, रबराच्या पाठीचे पायपुसणे तर कधीच नाही. खुर्च्यांच्या पायांना जुन्या ब्लँकेटचे तुकडे चिकटवले आहेत. लाखेच्या खोलीचे दोन हात झाले आणि परतीचा पाऊस आला, तेव्हा पॉलिशवाल्याने हात थांबवला. तिसरा दसऱ्यानंतर.